साक्ष, निरोप आणि पालखीचा आठवडा

सोमवार

मिशनची उन्हाळी इंटर्नशिप खरं तर शनिवारीच संपली. म्हणजे काम संपलं, आठवडा उरलाय, ह्या आठवड्याला आमच्या मेंटॉर ताई डीब्रीफ म्हणतात आणि आम्ही पोरी सुट्टी म्हणतो. एप्रिलअखेरपासून रोजचं चाललं होतं, सकाळी वस्तीत व्हीबीएस म्हणजे पोरांची सुट्टीतली बायबल शाळा, आणि दुपारी एका सरकारी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पेशंटच्या नातेवाइकांपाशी बसायचं, फॉर्म भरून द्यायचे, रक्तपेढी कुठे ते दाखवायचं, खाली जाऊन चहा आणायचा. प्रचार नाही, पत्रकं नाहीत, समोरच्याने स्वतः म्हटलं तरच प्रार्थना, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. मला तेव्हा वाटलं, मग मिशन कसलं हे, ही तर नुसती हमाली.

आज सकाळी ताईंनी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला, वर प्रश्न लिहिलेला, ह्या उन्हाळ्यात तुमची आत्मिक वाढ काय झाली. एक पान लिहायचं आणि रविवारी उपासनेत पाच मिनिटं साक्ष द्यायची. माझी जालन्याची रूममेट चहा गार व्हायच्या आत पान भरून मोकळी. मी मात्र पेन घेऊन बसले ते बसलेच. साक्षी मी शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या लहान मुलांच्या वर्गापासून, ऐकत आलेय हो, त्यांचा साचा पाठ आहे, आधी मी अशी होते, मग प्रभूने मला धरलं, आता मी अशी आहे. ह्यातलं "आता मी अशी आहे" कसं लिहायचं तेच कळेना. रोज सकाळचा क्वाएट टाइम, म्हणजे एकटीने शांत बसून बायबल वाचायची वेळ, नीट झाला म्हणावं तर डुलक्याच जास्त काढल्यात. आणि प्रार्थना तर उलट आखूड झाल्या, आधी मी चांगली दहा-पंधरा मिनिटं करायचे, हे स्वर्गीय पित्या वगैरे साग्रसंगीत, आता नुसती नावं घेते, वॉर्डमधल्या लोकांची, आणि आमेन.

त्यात माझ्याकडे एक निरोप पडून आहे, तो वेगळाच.

झालं काय, मे महिन्यात पॅसेजमध्ये एक मावशी भेटल्या, इंदापूरकडच्या. नवऱ्याचा बाइकवरून अपघात झालेला, तो आत आयसीयूत. बाहेर ह्यांचा संसार म्हणजे एक चटई, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत रिपोर्टांची फाइल. ती पिशवी त्या झोपतानाही हाताला गुंडाळून झोपायच्या, बंद इतके आवळलेले की मनगटावर वळ उठायचे. मी पहिल्या दिवशी शेजारी बसून धीर धरा, सगळं नीट होईल, देव आहे, असं काय काय सुरू केलं, तर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोलू नको गं काही. बस नुसती." मग बसले. दुसऱ्या दिवशीही गेले आणि बसले. अशा कितीतरी दुपारी गेल्या, आम्ही दोघी समोरच्या भिंतीवरच्या क्षयरोगाच्या पोस्टरकडे बघत बसायचो. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांनी बरोबर केलं, आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि सगळं घालवलं. हा अध्याय मी किती वेळा वाचलाय, पण गप्प बसायला एवढी ताकद लागते हे पॅसेजमध्ये बसल्यावर समजलं.

जूनमध्ये त्यांच्या नवऱ्याला जनरल वॉर्डात हलवलं तेव्हा मावशी पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. लग्न झाल्यापासून दोघं नवराबायको तुकोबांच्या पालखीसोबत चालतात, इंदापुरात रिंगण होतं तेव्हा अख्खं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि ह्यावर्षी वारी चुकणार. मग म्हणाल्या, "पालखी पुण्यात आली की तुकोबांना माझा नमस्कार सांग. तू इथंच असणार ना?" मी हो म्हणाले. म्हणजे पटकन तोंडातून गेलं. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना माहीत होतं, गळ्यातला क्रूस रोज दिसत होता, त्यांना त्यात काहीच अडचण नव्हती. अडचण मलाच होती.

पालखी शुक्रवारी येतेय.

मंगळवार

आजचं थोडक्यात. ताईंनी सगळ्यांना कॅम्पात फिरवलं, पावसाची भुरभुर होती, छत्र्या कोणीच आणल्या नव्हत्या. सेंट मेरीज चर्च पाहिलं, 1825 चं, बिशप हेबर ह्यांनी त्याचं अर्पण केलेलं. आत भिंतीभर इंग्रज सोल्जरांच्या आठवणीच्या पाट्या, त्यातले कितीतरी वीस-बावीस वर्षांचे, आमच्याच वयाचे. तिथून क्वार्टर गेटचं सिटी चर्च. ह्याची जागा पेशव्यांनी दिली, सवाई माधवरावांच्या काळात, 1792 मध्ये, त्यांच्या फौजेतल्या कॅथलिक लोकांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून. हे मला माहीत नव्हतं आणि मी पुण्यातच जन्मलेय, घोरपडीत वाढलेय! कॉलेजात कोणी "तुम्ही लोक इंग्रजांबरोबर आलात ना" असं विचारलं की आता सांगायला एक गोष्ट झाली. नंतर सगळ्यांनी बन मस्का खाल्ला. कागद कोराच.

बुधवार

आज पंचहौद. गुरुवार पेठेत, बोहरी आळीकडून गाड्यांमधून वाट काढत गेलो. एवढ्या दाटीत तो उंच घंटेचा मनोरा एकदम समोर येतो आणि आपण मान वर करून उभे राहतो. चर्च 1885 चं, पवित्र नाम देवालय, पण पुणेकर सगळे पंचहौदच म्हणतात, तिथल्या पाण्याच्या पाच हौदांवरून पडलेलं नाव. आत गारवा, लांबलचक खांब, आणि एक आजोबा एकटेच बाकं पुसत होते, आमच्याकडे त्यांनी लक्षसुद्धा दिलं नाही.

पंचहौद म्हटलं की अर्थात चहाचं प्रकरण आलंच. ताईंनी तिथल्या पायरीवर बसून सगळं रंगवून सांगितलं. 1890 साली इथल्या मिशनमध्ये पुण्यातल्या मोठ्या मोठ्या लोकांना व्याख्यानाला बोलावलं, लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायला, कोणी नुसता हातात धरला, कोणी तसाच ठेवला. बोलावण्यामागे डोकं गोपाळराव जोशांचं, डॉक्टर आनंदीबाईंचे मिस्टर, त्यांनी मागाहून कोण कोण गेलं त्याची यादीच पेपरात छापून आणली. झालं, गावभर बोंब. बहिष्कार, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी, प्रायश्चित्तं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय म्हणून सांगितलं आणि रानड्यांनीसुद्धा पुढे घेतलं, त्यावर सुधारक मंडळी त्यांच्यावर चिडली ती वेगळीच. एका कपाने एवढी माणसं अडचणीत आणली.

पोरी हसत होत्या, मीसुद्धा हसले, पण माझ्या डोक्यात नमस्कारच. तेव्हा त्यांना प्रश्न पडला होता की मिशनच्या घरचा चहा घशाखाली गेला तर मी कोण राहतो, आणि मला सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्याच पेठेत प्रश्न पडलाय की तुकोबांच्या पादुकांना दुसऱ्याचा नमस्कार पोचवला तर मी कोण राहते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ह्यावर दोन गट पडतील हे मला बसल्याजागी दिसत होतं. एक म्हणणार मूर्तिपूजा, दुसरा म्हणणार अगं एवढं काय. आणि दोन्ही गट मला वचनं काढून दाखवणार.

शेवटी परत येताना रिक्षात ताईंना सांगून टाकलं. मला वाटलं त्या हो किंवा नाही सांगतील, सुटले. त्या म्हणाल्या रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी ना. वा. टिळक, म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मी म्हटलं ताई ते ठीक आहे, पण मी पुलाच्या अलीकडे जन्मलेय की पलीकडे तेच मला कळत नाहीये, मी काय करू ते सांगा. तर म्हणाल्या, "उन्हाळाभर तू कोणाला विचारून बसलीस का तिच्याशेजारी?" आणि रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलायला लागल्या. ताईंचं हे असंच आहे, चिडायलाही होतं.

गुरुवार

केडगाव. ह्या दिवसाची मी वाट बघत होते, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. सकाळची दौंडची लोकल पकडली, हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. गर्दीत दारापाशी उभं राहून गेलो. मध्ये मध्ये सोलापूर रोड दिसतो तिथे मांडव पडायला लागलेले, पाण्याचे टँकर लावलेले, कारण तुकोबांची पालखी पुण्यानंतर ह्याच अंगाने लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी जाते. म्हणजे मी जिथून पळून एक दिवस मोकळा घ्यायला निघालेले तीच वाट!

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "मुक्ती का बेट?" बेट म्हणजे नारायण महाराजांचं, दत्ताचं. केडगावात उतरणारा माणूस दोनपैकी एकीकडेच जाणार हे त्याचं ठरलेलं, भाडं विचारल्यासारखा विचारतो, त्यात कसला ताण नाही.

मुक्तीत आधी परवानगी काढली होती. आतल्या एका ताईंनी फिरवलं, मुलींचे फोटो काढायचे नाहीत हे फाटकातच सांगितलं, बरोबरच आहे. झाडं भरपूर, शाळा, वसतिगृहं, आधार नसलेल्या बायका-मुली, अंध बहिणी, आणि ते प्रचंड मोठं चर्च. मुली घोळक्याने "सलाम ताई" म्हणत जात होत्या. स्वयंपाकघरामागे दोन बायका चुकंदराची पानं निवडत बसलेल्या, आम्ही गेलो तर एकीने सरकून जागा दिली आणि पुढ्यात ढीग ढकलला, म्हणजे निवडायला लागा. ओळख नाही, पाळख नाही. बरं वाटलं.

रमाबाईंबद्दल आपल्याला शाळेत अर्धंच सांगतात. पंडिता, सरस्वती ह्या पदव्या 1878 मध्ये कलकत्त्यात मिळाल्या, इथपर्यंत कौतुक, आणि 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला की पाठ्यपुस्तकाची शाई संपते. आणि आमच्या चर्चमध्ये उलटं, बाप्तिस्म्यापासूनच गोष्ट सुरू. पण त्या स्वतः काय सांगतात ते दोन्हीकडे सुटतं. त्यांनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा झाला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढे आठेक वर्षांनी मिळाला. आठ वर्षं! आणि त्या मधल्या काळात बाई रिकाम्या बसल्या होत्या का, तर अमेरिका पालथी घातली, 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यातल्या पेपरांचे फटके खाल्ले. एवढं सगळं चालू असताना आत त्यांना वाटत होतं की काहीतरी राहिलंय. आणि मला एका उन्हाळ्याचा हिशोब एका पानात द्यायचाय.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी पोरी घेऊन आल्या, त्यातून हे केडगावचं सगळं उभं राहिलं. मला जास्त भिडलं ते मात्र शेवटचं. म्हातारपणी, कानांनी नीट ऐकू येत नसताना, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना समजेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर. आणि छापायला बाहेर दिलं नाही, इथल्याच प्रेसमध्ये इथल्याच पोरींनी खिळे जुळवले. मधेच 1921 ला मुलगी मनोरमा गेली, चाळिशीची. ही बाई परत प्रुफं घेऊन बसली. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा काम उरकलेलं होतं, पुस्तक छापून आलं 1924 मध्ये, त्यांनी ते बघितलं नाही.

रोज प्रुफं तपासणारी ती बाई, लेक गेलेली, तिला कोणी विचारलं असतं ह्या महिन्यात तुमची आत्मिक वाढ काय झाली, तर काय म्हणाल्या असत्या? मला वाटतं म्हणाल्या असत्या, बायबलातल्या यिर्मयाचे चार अध्याय झाले. आता हे माझ्या मनचं आहे, त्यांच्या तोंडी घालू नका.

येताना लोकल उशिरा आली, यवतला काळोख पडला. रूममेट खांद्यावर झोपली. मी मोबाइलवर बायबलमधलं मार्क 4 काढलं, ते बी टाकणाऱ्या माणसाचं, जो रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. त्याला कळत नाही असं चक्क लिहिलंय. मग ताईंनी कागद कशाला दिला!

शुक्रवार

सकाळपासून शहरात गाड्यांचे हाल. आमच्या चर्चच्या तरुण संघाने नाना पेठेच्या बाजूला पाणी-चहाचं टेबल लावलं होतं, ते दरवर्षी लावतात, टेबलावर चर्चचं नाव नाही, काही नाही, नुसते पिंप आणि पेले. आमच्या शेजारी एका मंडळाचा राजगिऱ्याच्या लाडवांचा स्टॉल, पलीकडे मशिदीतल्या पोरांची केळी. संध्याकाळ व्हायला लागली तशा दिंड्या येऊ लागल्या, टाळ आधी ऐकू येतात आणि माणसं मागाहून दिसतात. मग मात्र हात थांबला नाही, पेला भरायचा, द्यायचा, घ्यायचा, विसळायचा, घ्या माउली, घ्या माउली. मी पण माउलीच म्हणत होते, दुसरं काय म्हणणार, समोरचे मलाही माउलीच म्हणत होते.

आणि डोक्यात एकच, की पालखी येणार निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला, इथून हाकेच्या अंतरावर, आणि मी काय करणार. रांगेत उभी राहणार? पादुकांवर डोकं ठेवणार? ते मला जमणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, त्यात कोणाचा अपमान नाही, माझं डोकं एका ठिकाणी ठेवलेलं आहे एवढंच. पण हो म्हटलंय त्याचं काय?

मग एक आजी आल्या. डोक्यावर तुळस, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायात चप्पल नाही, टाचांना अशा भेगा की आत चिखल बसलेला. पाणी दोन पेले प्यायल्या, तिसरा तोंडावर मारला. मी विचारलं कुठली दिंडी, त्यांनी नंबर सांगितला, रथामागची. मी म्हटलं, "आजी, इंदापूरच्या एक मावशी आहेत, नवरा दवाखान्यात आहे, वारी चुकली त्यांची. त्यांनी तुकोबांना नमस्कार सांगितलाय. तुम्ही पोचवाल का?"

आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, क्रूसावर नजर थांबली, असं मला तरी वाटलं. म्हणाल्या, "नाव काय तिचं?" मी नाव सांगितलं. "नवऱ्याचं?" तेही सांगितलं. दोन्ही नावं त्यांनी पुटपुटून पाठ केली, चुकीचं म्हणाल्या ते मी नीट सांगितलं, परत म्हणून दाखवली. मग "पोचला म्हणून कळव तिला" म्हणून डोक्यावरची तुळस सारखी केली आणि गेल्या. मागे वळून वगैरे काही नाही, त्यांची दिंडी पुढे गेली होती ना, पळायला लागलं त्यांना.

सगळं मिळून मिनिटभर. आठवडाभर मी ज्याचा कीस पाडत होते ते मिनिटभरात. मी मावशींना फोन केला, त्यांनी "बरं झालं गं" म्हटलं आणि मग दहा मिनिटं फिजिओथेरपीवाल्याच्या तक्रारी सांगितल्या.

शनिवार

पालख्यांचा मुक्काम, पेठांमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दिवसभर पेले विसळले. रात्री कागद लिहिला. हॉस्पिटल, मावशी, बोलू नको बस नुसती, निरोप, आजी, सगळं जसंच्या तसं. वाढ हा शब्द कुठेच आला नाही, ताईंना चालला तर चालला. रूममेटने वाचलं आणि म्हणाली तू हे चर्चमध्ये सांगणार? वडीलमंडळी पुढच्याच बाकावर असतात. मी म्हटलं हो. एप्रिलमधल्या मला हे जमलं नसतं, एवढं मी लिहून देऊ शकते. तेव्हा मी आधी चार जणांना विचारलं असतं, मग चौघांचं ऐकून गप्प बसले असते.

रविवार

पालख्या सकाळीच निघतात, पूलगेटवरून हडपसरकडे, आणि आमचं चर्च कॅम्पात. त्यामुळे अर्धी मंडळी अडकलेली, पेटीवाले काकाच पोचले नव्हते, पहिलं गीत तसंच कोरडं म्हटलं. उपासना उशिरा सुरू झाली. आमच्यातला एक मुलगा आधी उभा राहिला, तो बोललाच बोलला, त्याने आळंदीपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थनेचं ओझं वाहिलं. मग मी. कागद न बघता सांगितलं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आजींना निरोप दिला इथपर्यंत आले तेव्हा पुढच्या बाकावर एका काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाळकसाहेब खाली बघत होते. मी धन्यवाद म्हणून खाली बसले. टाळ्या आमच्याकडे वाजवत नाहीत, त्यामुळे काही कळायला मार्ग नाही.

बाहेर पडल्यावर ते चष्म्यावाले काका आलेच. म्हणाले, "बेटा, नमस्कार न नेता तिला तारणाऱ्याविषयी सांगता आलं असतं. संधी होती." मी म्हटलं, काका, ती बोलू नको म्हणाली होती. ते म्हणाले, "हं." रागावलेले नव्हते, पण पटलेलं पण नव्हतं, आणि मला नवल ह्याचं वाटलं की मला त्यांना पटवायची घाई झाली नाही. त्यांनी बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली, मी बघायला येते म्हटलं. पाळकसाहेबांनी हात मिळवला आणि एवढंच विचारलं, पेशंट आता कसा आहे. ताईंनी कागद घेतला, घडी करून पर्समध्ये टाकला, वाचला की नाही देव जाणे. कॉलेज सुरू झालं की बुधवारी दुपारी माझं प्रॅक्टिकल नसतं, तर बुधवारी हॉस्पिटलला येऊ का म्हणून विचारलंय, पास वाढवून मिळाला पाहिजे.

रिक्षात आजी, म्हणजे माझी आजी, घोरपडीपर्यंत गप्प. मी म्हटलं आजी, साक्ष कशी झाली सांग की. तर म्हणाली, "आखूड होती, बरी होती. त्या पोराने अर्धा तास खाल्ला, माझं मटण गॅसवर मंद ठेवून आलेय मी."